सासूबाईंच्या कोटाची डावी बाजू

सगळी गल्ली त्या शिंप्याला काजबटण म्हणायची. आईबापांनी ठेवलेलं नावही चांगलं होतं म्हणे, पण ते आता फक्त मतदारयादीत आणि चर्चच्या वहीत उरलं होतं. टोपणनावाचं कारण साधं होतं. कपडे न्यायला गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की हा गळ्यातली टेप सारखी करायचा, ऑपरेशन करून बाहेर आलेल्या डॉक्टरसारखा चेहरा करायचा आणि म्हणायचा, "झालंय हो. काज-बटण तेवढं राहिलंय." त्या वेळी ते कापड बहुतेक वेळा गिऱ्हाइकाने आणलेल्या पिशवीत, त्याच गाठीसकट, टेबलाखाली पडलेलं असायचं.

तरी लोक चरफडत का होईना, त्याच्याकडेच यायचे. हात तसा होता. पोक आलेला माणूस याच्या कोटात ताठ दिसायचा आणि सुटलेलं पोट याच्या पँटीत गुपित राहायचं. त्याची सासू म्हणजे तीस-एकतीस वर्षं इस्पितळात वॉर्ड सांभाळलेली बाई. तिच्यापुढे डॉक्टरसुद्धा पायपुसण्यावर बूट दोनदा घासायचे. पोरीने शिंप्याशी लग्न केलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "मी काही बोलणार नाही, पण" आणि पुढे पाऊण तास बोलली होती. वीस वर्षांत जावयाच्या पदरात तिने एकच चांगला शब्द टाकला, तोही शेजारणीपाशी, की शिवणकामात माणूस खोटा नाही. काजबटणाने तो शब्द जपून ठेवला होता. बाकी सासुरवाडीत त्याची पत म्हणजे दारामागच्या छत्रीएवढी.

आता खोटा नाही म्हणजे अगदीच नाही, असं नव्हतं. त्याला कापड वाचवायची खोड होती. चिंध्या-कतरण सगळेच शिंपी ठेवतात. याची गोष्ट पुढची होती. पँटीचे पाय डोक्याला डोकं न लावता उलटसुलट बेतायचे, बाही कॉलरच्या पोटात घुसवायची, आणि कापडातून वीतभर, कधी दोन वीत तुकडा असा सोडवायचा की कापडालासुद्धा कळू नये. याबद्दल त्याचं तत्त्वज्ञान पक्कं होतं. गिऱ्हाइकाला हवा कोट. कोट मिळाला. उरलं ते अकलेचं, आणि अक्कल कुणाची? असे अकलेचे तुकडे भरून एक पत्र्याची पेटी दुकानाच्या पोटमाळ्यावर बसली होती.

एका रविवारी चर्चच्या पाळकसाहेबांनी ती पेटी उघडली. म्हणजे त्यांना पेटी ठाऊकच नव्हती. ते आपले नेहमीसारखे दर तिसऱ्या वाक्याला "म्हणजे काय, तर" म्हणत, चष्मा कपाळावर सारत, बायबलातल्या त्या जुन्या राजाची गोष्ट सांगत होते. शत्रूचं काहीही ठेवू नकोस, असं देवाने राजाला सांगितलं होतं. राजाने मरतुकडं सगळं टाकलं आणि गुबगुबीत मेंढरं तेवढी ठेवली. वर देवालाच म्हणाला, तुझ्यासाठीच ठेवलीत हो. पाळकसाहेब म्हणाले की देवाला अर्पणापेक्षा ऐकणं आवडतं, आणि अर्धवट ऐकणं म्हणजे न ऐकणंच, फक्त चांगल्या कपड्यातलं.

कपड्याचं नाव निघालं आणि गाणाऱ्या मंडळींत दुसऱ्या रांगेत उभ्या काजबटणाला वाटलं, हे आपल्याकडे बघूनच बोलले. खरं तर पाळकसाहेब त्याच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत होते. पण बाण लागायचा तिथे लागला. तो घरी आला, जेवण पुढ्यात घेतलं, घास हातात धरला आणि बायकोला म्हणाला की आता जे ज्याचं ते त्याला परत. पेटी रिकामी करणार. प्रभूची आज्ञा आहे आणि ती मी मनापासून पाळणार.

बायको कमी बोलायची. दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा वाया घालवायची नाही. ती म्हणाली, "जेव आधी."

पुढचा आठवडा गल्लीला जन्मभर पुरेल. काजबटण बगलेत गठ्ठा धरून दारोदार फिरायला लागला. सायकल दुरुस्त करणाऱ्याला आठ वर्षांपूर्वीच्या पँटीचा तुकडा मिळाला. त्याने तो उलटापालटा करून बघितला आणि हळूच विचारलं, की कुणी गेलं का? त्याला वाटलं, मयताचे कपडे वाटतोय. निवृत्त मुख्याध्यापकांनी तुकडा फूटपट्टीने मोजला, आकडा ऐकवला आणि प्रामाणिकपणाला वळण हवं म्हणून त्यालाच अर्धा तास धडा दिला. पाववालीने तुकडा बघितला मात्र, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवऱ्याच्या कोटाचं कोपर फाटलं होतं आणि त्या रंगाचं कापड कुठेच मिळत नव्हतं. ती दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की देव आहे, आणि तो शिंप्यांतही आहे.

गुरुवारपर्यंत पेटीचा तळ दिसला. शुक्रवारी सकाळी पाळकसाहेब स्वतः दुकानात आले, स्टुलावर बसले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की रविवारी सगळ्यांपुढे साक्ष दे, देवाचं कसं ऐकलंस ते सांग. असं आज्ञापालन मंडळीला ऐकायला मिळत नाही. काजबटणाची छाती इतकी फुगली की टेप दोन बोटं वर सरकली.

पाळकसाहेब गेले. बायको कोपऱ्यातल्या मशीनवर काजं करत होती. तिने मशीन थांबवलं आणि हनुवटीनेच खुंटीकडे दाखवलं.

"आणि ते?"

खुंटीवर त्याचं रविवारचं काळं मखमली जाकीट लटकत होतं.

आता जाकिटाची गोष्ट सांगायलाच हवी. सहा वर्षांपूर्वी सासूबाई निवृत्त झाल्या तेव्हा वॉर्डातल्या मुलींनी मिळून त्यांना डाळिंबी रंगाची मखमल दिली, अंगभर कोट होईल एवढी. सासूबाईंनी ती जन्मात पहिल्यांदा जावयाच्या हातात दिली. मखमलीला लव असते. वरून खाली हात फिरवला तर मांजराच्या पाठीसारखी मऊ, उलटा फिरवला तर खरखरीत. आणि लव फिरली की रंगही फिरतो, गडदचा फिका दिसतो. म्हणून मखमलीचा प्रत्येक तुकडा एकाच दिशेने बेततात. हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. काजबटणालाही ठाऊक होतं. पण कापड टेबलावर पसरल्यावर त्याला दिसलं, की डावी बाजू आणि डावी बाही तेवढी उलटी बेतली तर मधे जागा निघते, आणि त्या जागेत एका जाकिटाचे दोन्ही पुढचे भाग बसतात. पाठ काय, अस्तराची चालते. त्याने डोळे मिटले आणि कात्री चालवली.

दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली कोट अप्रतिम दिसला. वाचलेल्या मखमलीला त्याने घरातल्या मोठ्या पातेल्यात काळा रंग दिला. त्या पातेल्यात पुन्हा कधी काही शिजलं नाही. जो पदार्थ टाकावा तो जांभळा व्हायचा. बायकोला तेव्हाच सगळं कळलं होतं.

काही महिन्यांनी जुन्या परिचारिकांचा एकत्र फोटो निघाला आणि त्यात सासूबाईंचा अर्धा कोट डाळिंबी आणि अर्धा धुतल्यासारखा दिसला. त्यांनी जावयाला विचारलं. जावई क्षणभरसुद्धा न थांबता म्हणाला, "ऊन, आई. तुम्ही चर्चमध्ये खिडकीशी बसता ना, डावा खांदा उन्हात. मखमलीचा रंग ऊन खातं."

त्या रविवारपासून सासूबाईंनी खिडकीजवळचं बाक सोडलं. बावीस वर्षं त्या तिथे बसत होत्या. आता त्या त्याच बाजूला मागे, खिडकी नसलेल्या भिंतीशी बसायला लागल्या, डावी बाजू भिंतीला चिकटवून. समोर जाडजूड खांब. पाळकसाहेब दिसत नाहीत, गाणारे दिसत नाहीत. दिसतो तो चुना. आणि ज्या बाईने आयुष्यात कधी थर्मामीटर चुकीचं वाचलं नाही, ती कोटाबद्दल विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, "माझाच निष्काळजीपणा. पोरींनी एवढ्या प्रेमाने दिलेलं, मला सांभाळता आलं नाही."

हे सांगताना तिचा आवाज वॉर्डातला राहायचा नाही. काजबटणाने तो तसा आवाज दोनदा ऐकला होता. तिसऱ्यांदा ऐकायला लागू नये म्हणून तो चर्चच्या दुसऱ्या दाराने बाहेर पडायला लागला.

म्हणजे आता पेटी रिकामी आणि खुंटी भरलेली. शुक्रवार दुपारपासून काजबटणाने देवाशी घासाघीस सुरू केली. पेटीतलं सगळं परत केलं, प्रभू, एक जाकीट तेवढं राहिलंय. देवाचं उत्तर आलं नाही. मग त्याने चर्चसाठी नवे पडदे शिवायचं कबूल केलं. घरचंच कापड, शिलाई फुकट. मग गीतपुस्तकांना कव्हरं. मग एक दिवस उपास. उपास संध्याकाळी चारला सुटला, कारण पाववालीने आभार म्हणून गरम पाव पाठवला आणि नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. शेवटी त्याला एकदम नामी युक्ती सुचली. जाकीट गरिबाला देऊन टाकावं. त्याग तो त्याग, आणि पुण्य ते पुण्य.

बायको म्हणाली, "गरिबाचं होतं?"

तो चिडला. म्हणाला की तुला काय जातंय बोलायला, तुझी आई आहे, माझी सासू आहे. त्या बाईने मला वीस वर्षांत एका गोष्टीत माणूस मानलं, हाताच्या कामात. ते जाऊन सांगू की हातच खोटा होता? मग माझं त्या घरात उरलं काय? बायकोने मशीन सुरू केलं नाही, आणि ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

शनिवारी सकाळी तो पाळकसाहेबांकडे गेला. ते अंगणात कोबीला पाणी घालत होते. याने आडून सुरुवात केली. एक माणूस आहे. त्याने देवाचं जवळजवळ सगळं ऐकलंय. शंभरातलं नव्याण्णव. एक राहिलंय, पण ते असं आहे की ते केलं तर त्या माणसाची अब्रू जाते. तर देव त्या नव्याण्णवात समाधान मानतो का?

पाळकसाहेबांनी झारी खाली ठेवली. चष्मा कपाळावर गेला.

"म्हणजे काय, तर," ते म्हणाले, "तू माझी पँट शिवलीस. पाय उत्तम, कंबर उत्तम, खिसे उत्तम, बटणं जागच्या जागी. मागची मधली शिवण तेवढी घातली नाहीस. नव्याण्णव टक्के पँट झाली. मी ती घालून उद्या व्यासपीठावर चढू?"

काजबटणाला हसू आलं आणि लगेच गेलं.

पाळकसाहेब पुढे म्हणाले की देव टक्के काढत बसत नाही. उरलेल्या नव्याण्णव गोष्टी त्या माणसाला सोप्या होत्या, म्हणून त्या झाल्या. त्याला देवाचं ऐकायचं होतं की नव्हतं, ते त्या एका गोष्टीतच कळणार. यावर काजबटण खालमानेने म्हणाला की त्या माणसाचं मन होत नाही, आणि मन नसताना केलं तर ते मनापासून कसं होईल?

"मनाची वाट बघत बसलास तर मन येणार नाही," पाळकसाहेब म्हणाले. "आधी पाय जाऊ देत. मन धापा टाकत मागून येतं." आणि झारी उचलता उचलता, "सासूबाई दुपारी घरीच असतात ना?"

म्हणजे त्यांना कळलं होतं तर. पाळक लोकांचं हेच वाईट.

सासूबाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. पायऱ्या चौतीस, त्याने पहिल्यांदाच मोजल्या. विसाव्या पायरीवर तो टेकला, कागदात गुंडाळलेलं जाकीट मांडीवर घेतलं आणि पहिल्यांदाच काही देऊ न करता प्रार्थना केली. प्रभू, मला जायचं नाही. अजिबात नाही. पण तू म्हणतोस म्हणून जातो. आमेन. पडद्यांचं, कव्हरांचं नाव काढलं नाही. मग तो उरलेल्या चौदा चढला.

सासूबाई टेबलाशी बसून बँडेजच्या गुंडाळ्या करत होत्या. निवृत्त झाल्या तरी त्या आसपासच्यांची जखमपट्टी करायच्या. खोलीत औषधी साबणाचा वास होता आणि प्रत्येक वस्तू शिक्षा झाल्यासारखी सरळ उभी होती.

"या जावईबुवा. पाय पुसलेत?"

त्याने परत जाऊन पुसले. मग जाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाला की हे तुमच्यासाठी आणलंय.

सासूबाईंनी ते दोन बोटांनी उचललं. म्हणाल्या की मी काही बोलणार नाही, पण हे पुरुषी आहे, काखेत घामाचा डाग आहे आणि मला तीन ठिकाणी आवळेल.

खरं तर इथून पळता आलं असतं. मापाचं चुकलं म्हणून हसून, जाकीट उचलून जिना उतरता आला असता. त्याचा हात जाकिटापर्यंत गेलाही. मग त्याने तो मागे घेतला आणि म्हणाला, "आई, ही तुमची मखमल आहे. तुमच्या कोटातून काढलेली. ऊन नव्हतं ते."

सासूबाईंच्या हातातली गुंडाळी सुटून टेबलावरून घरंगळत गेली. त्यांनी ती उचलली नाही. उठून कपाटातून कोट आणला, खिडकीशी पसरला आणि म्हणाल्या, "दाखवा."

त्याने त्यांचा हात धरून, आयुष्यात पहिल्यांदा, उजव्या बाजूवरून वरून खाली फिरवला. मऊ. मग डाव्या बाजूवरून. खरखरीत. त्यांनी हात सोडवून घेतला आणि स्वतः पुन्हा फिरवला, एकदा, दोनदा, नाडी बघावी तसा डोळे मिटून.

"म्हणजे मी काही केलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"नाही."

"सहा वर्षं मी खांब बघतेय."

"हो."

"सहा वर्षं त्या पोरींना तोंड दाखवायची लाज वाटली मला. त्यांच्यातली एक माझ्या घरी चहाला येणार होती, मी आजारी आहे म्हणून सांगितलं. कोट विचारेल म्हणून." त्यांचा आवाज पुन्हा तसाच झाला, वॉर्डातला नसलेला. या वेळी काजबटणाला दुसऱ्या दाराने जाता येईना. त्या खोलीला एकच दार होतं. तो उभा राहिला आणि त्याने माफी मागितली. कारण सांगितलं नाही. कारण एकच होतं, जागा निघत होती म्हणून.

दुरुस्त होईल का, असं त्यांनी विचारलं. नाही होणार, तो म्हणाला. जाकिटाची मखमल काळी करून बसलोय, डाळिंबी परत येणार नाही. नवी आणून कोट पुन्हा शिवतो म्हणालो तर ती त्या पोरींनी दिलेली नसेल.

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग सासूबाई एकदम कडाडल्या, आणि या वेळी थेट वॉर्डातल्या आवाजात. "अरे मूर्खा, सहा वर्षं हे पोटात घेऊन फिरत होतास? गळू असतं तर एव्हाना मेला असतास. वेळेवर दाखवायचं असतं." आणि आतून एक वाटी गरम सूप आणून त्याच्यापुढे आदळली.

वीस वर्षांत त्यांनी त्याला 'अरे' म्हटलं नव्हतं. 'अरे' त्या फक्त स्वतःच्या पोरांना आणि वाचलेल्या रोग्यांना म्हणायच्या. काजबटण मुकाट्याने सूप प्यायला. जीभ भाजली तरी थांबला नाही.

रविवारी तो नुसत्या सदऱ्यावर गेला. गाणाऱ्यांच्या रांगेत सगळे कोटात आणि मधे हा एकटा पांढरा, दात पडल्यासारखा. गीतं झाली आणि पाळकसाहेबांनी त्याला पुढे बोलावलं. त्याच्या खिशात शुक्रवारी लिहिलेली साक्ष होती, अडीच पानं, त्यात पाववालीचे अश्रू दोनदा आले होते. त्याने कागद काढला, लोकांकडे बघितलं आणि तेव्हा त्याला दिसलं की खिडकीजवळच्या बाकावर, सकाळच्या उन्हात, सासूबाई बसल्यात. डाळिंबी कोट घालून. डावी बाजू उजेडात.

त्याने कागद परत खिशात घातला.

"तुम्ही सगळे माझं कौतुक करताय," तो म्हणाला. "तुकडे परत केले ते सोपं होतं. देव एकच गोष्ट मागत होता आणि मी तीच सोडून बाकी सगळं देत होतो. ती काल दिली. माझ्या सासूबाईंचा कोट मी चोरीसाठी उलटा कापला आणि दोष त्यांच्या माथी मारला. त्यांनी काही केलेलं नाही. एवढंच सांगायचं होतं."

चर्चमध्ये टाचणी पडली असती तर तीही याच्याच दुकानातली निघाली असती, अशी शांतता झाली.

मग सासूबाई उठल्या. कुणी बोलावलं नव्हतं. त्या बाकांच्या मधल्या वाटेवर आल्या, दोन्ही हात अंगापासून जरा दूर धरले आणि सावकाश, ट्रायलला उभं राहिल्यासारख्या, पूर्ण एक गिरकी घेतली.

"बघून घ्या सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. "ही उजवी. ही डावी. ऊन नाही, जावई आहे." मग पाळकसाहेबांकडे वळून, "चालू द्या तुमचं."

पाळकसाहेबांचा चष्मा कपाळावरून थेट मागे पडला. काय चालू द्यायचं ते त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी गीत सांगितलं, पण क्रमांक चुकीचा. अर्धी मंडळी एक गीत गायला लागली आणि अर्धी दुसरं. हसण्यामुळे दोन्ही धड होईनात. काजबटण आपल्या रांगेत परत गेला. त्याला थंडी वाजत होती, कान तापले होते आणि तो कधी नव्हे इतक्या मोठ्याने गात होता. कुठलं गीत, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मन आलं होतं बहुतेक, धापा टाकत.

उपासना संपल्यावर बायकांनी खिडकीजवळच्या बाकाला गराडा घातला. लव म्हणजे काय, ती उलटी म्हणजे कशी, हे प्रत्येकीला स्वतः हात फिरवून बघायचं होतं. पाववाली सगळ्यांत पुढे होती. मागून मुख्याध्यापकही फूटपट्टी घेऊन आले होते. सासूबाई मधोमध ताठ बसल्या होत्या, डावा हात पुढे केलेला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होत्या, "हात धुतलेत का?"